कंबरेची गादी बदलावी का?

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे आधी पायाळू माणसाचा शोध सुरू होतो. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी जुनी समजूत. आता अगदी उलट सल्लाही कानावर येतो : "गादी झिजली ना, मग नवी बसवून टाका!" गुडघ्याप्रमाणे मणक्यातील गादी बदलता येते, हे खरे. पण ही शस्त्रक्रिया कंबर दुखणाऱ्या प्रत्येकासाठी नाही.

गादी म्हणजे काय?

कंबरेत ५ मणके असतात. दोन मणक्यांमध्ये बाहेरून चिवट आणि आत मऊ गर असलेली गादी असते. लातूरच्या आडत बाजारातला हमाल पोते उचलतो, तेव्हा सर्वांत जास्त भार तळाच्या दोन गाद्यांवर येतो. गादी फाटून गर बाहेर आला आणि नस दबली की कळ पायात उतरते. यालाच सायटिका म्हणतात.

औषधे, बेताची हालचाल आणि व्यायाम यांनी बहुतेकांचा त्रास ६ ते १२ आठवड्यांत कमी होतो. अंथरुण धरून पडू नये. एम.आर.आय.मध्ये 'गादी सरकली' असे आले म्हणून घाबरू नये. काहीही न दुखणाऱ्यांतही तसे दिसते. सायटिकासाठी शस्त्रक्रिया लागलीच, तर बहुधा बाहेर आलेला तुकडाच काढतात.

कृत्रिम गादी

बर्लिनच्या शारिते रुग्णालयात डॉ. कारिन ब्यूटनर-यान्झ व डॉ. कुर्ट शेलनाक यांनी तयार केलेली कृत्रिम गादी १९८४ मध्ये प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. या डॉक्टरबाईंनी १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची २ सुवर्णपदके मिळविली होती! अशा गादीत साधारणपणे धातूच्या दोन चकत्या व मध्ये टणक प्लास्टिक असते. मणके स्क्रूने जोडले की तेथील हालचाल थांबते. कृत्रिम गादीने ती टिकते, हा तिचा फायदा. मात्र ती पोटाकडून, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून बसवावी लागते. पुन्हा काढणे त्याहून अवघड असते.

कोणासाठी?

एखादीच गादी खराब आहे, निदान ६ महिने उपचार करूनही आराम नाही आणि हाडे बळकट आहेत, अशांसाठीच. हाडे ठिसूळ असतील, मणका घसरला असेल किंवा मागचे सांधे झिजले असतील, तर नाही. बारीक ताप, घटते वजन व रात्रीचे दुखणे असेल, तर आधी मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करावी.

येथे थांबू नका

लघवी अडकणे, शौचावरचा ताबा जाणे, बसण्याची जागा बधिर होणे किंवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नांदेडला विष्णुपुरीचे, तसेच लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उशीर झाल्यास अपंगत्व कायमचे राहू शकते.

शेत गहाण टाकण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : दुखणे याच गादीचे कशावरून? आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या? एकूण खर्च किती, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काही बसते का? उत्तरांनी समाधान झाले नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे.