केळी इथली, भाव बऱ्हाणपूरचा

संपादकांनी सांगितलं होतं, स्थानिक सफरचंदाच्या व्यापारावर लिहा. जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडच्या बाजारात हातगाडीवर सफरचंदं रचलेली दिसतात, पण ती काश्मीर नाहीतर हिमाचलची. स्थानिक म्हणावं ते त्यांच्या शेजारचं केळं. बोदवड तालुका कोरडवाहू, कापसाचा. पण मुक्ताईनगर, रावेरकडे तापीकाठ लागला की केळीचे मळे सुरू होतात. मीही मग तिकडेच वळलो.

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बसराई, श्रीमंती या जाती मागे पडल्या. ठिबकासोबत ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली. इतिहास एवढा पुरे.

मी रेंगाळलो तो कापणीवाल्यापाशी. माल दिल्लीला जायचा असेल तर केळ्याचे कंगोरे पुरते भरायच्या आत घड उतरवायचा, जवळ विकायचा असेल तर आणखी थांबायचं. हे तो नुसत्या नजरेने ठरवतो. विळ्याचा एक घाव, की घड जमिनीला न टेकता जोडीदाराच्या खांद्यावर. आज जरा घासलं गेलेलं केळं पिकल्यावर काळं पडतं, म्हणून सगळं बाळाला उचलावं तसं. दांड्यातून गळणाऱ्या चिकाचे डाग मात्र कपड्यांवरून जन्मात जात नाहीत. कापणीचा सदरा वेगळाच ठेवलेला असतो.

सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून वाघिणी भरभरून केळी दिल्लीला गेली. तिथल्या आझादपूर मंडीत काश्मीरचं सफरचंदही उतरतं. पिकलेल्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, त्याने शेजारची कच्ची केळी लवकर पिकतात. तेव्हा हातगाडीवरचा तो शेजार अगदीच बिनकामाचा नव्हे.

भावाचं मात्र बिकट आहे. नवती, पिलबाग, वापसी असे मालाचे दर्जे, प्रत्येकाचा दर निराळा. रावेरचा शेतकरी मोबाइलवर बघतो तो मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा लिलाव. जाहीर झालेला दर बांधावर मिळेलच असं नाही. तयार घड झाडावर थांबत नाही, हे व्यापारी पुरतं ओळखून असतो. त्यात सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक. हा विषाणू मावा पसरवतो. लागण झालेलं रोप उपटून टाकण्यावाचून इलाज नाही. उन्हाळ्यातलं वादळ तर उभा मळा आडवा करतं. फळपीक विम्यात कडक थंडी, जास्त तापमान, वेगाचा वारा यांचे निकष आहेत. दर कोसळल्याचा निकष त्यात नाही.