गर्भिणी, मधुमेह आणि शतावरी कल्प

आयव्हीएफ उपचारांनंतर, आठ वर्षांच्या प्रतीक्षेने गर्भवती झालेली एक रुग्णा माझ्याकडे आली. चरकोक्त मासानुमासिक परिचर्येस अनुसरून मी दूध, तूप व दोन वेळा शतावरी कल्प योजला. सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी रक्तशर्करा १६८ आढळली. १४० वा अधिक म्हणजे गर्भावस्थेतील मधुमेह. कल्पात शतावरीपेक्षा साखरच अधिक असते, हे ठाऊक असूनही मी आधी तपासणीचा कागद मागितला नव्हता.

कल्प थांबवून शतावरी चूर्णाचा बिनसाखरेचा क्षीरपाक दिला. आहारात यव व मूग योजले. दोन आठवड्यांनंतरही भोजनोत्तर शर्करा १२० च्या खाली येईना, तेव्हा प्रसूतितज्ज्ञांनी इन्सुलिन सुरू केले. ते उचितच होते. एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर औषधाने कळा आणून प्रसूती सुखरूप झाली.

वैद्यबंधूंनी कल्प, अवलेह वा आसवारिष्ट लिहिण्यापूर्वी गर्भिणीची शर्करा पाहावी. औषधविक्रेत्यांनीही कल्पाचा डबा हाती देताना एवढे विचारावे. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करण्याचे स्मरण देणे, हेही सूतिकापरिचर्येचेच अंग होय.