पडलेली पापणी आणि शस्त्रक्रियेवाचून उपाय

साकीनाक्याच्या एखाद्या कारखान्यात कामगाराची पापणी उतरलेली दिसली, की सोबती 'रात्रपाळीची झोप आहे' असे म्हणून मोकळे होतात. शस्त्रक्रियेवाचून ती वर येईल काय, हे ती कशाने पडली यावर अवलंबून आहे.

वरची पापणी मुख्यतः एक स्नायू उचलतो. मेंदूतून निघणारा तिसरा मज्जातंतू त्याला चालना देतो. जोडीला एक लहान स्नायू आहे, त्याचा वाटा जेमतेम २ मिलिमीटरांचा. उतारवयात मोठ्या स्नायूचा कंडरा सैल पडतो. अशा वेळी लहान स्नायूला चेतवणारे ऑक्सिमेटाझोलिनचे ०.१ टक्क्याचे थेंब आहेत. अमेरिकेत ते २०२० साली मान्य झाले. पापणी सुमारे १ मिलिमीटर वर येते, आणि काही तासांनी पुन्हा उतरते. हेच औषध चोंदलेल्या नाकासाठीही मिळते. पण नाकाची बाटली डोळ्यात रिकामी करण्याचा शहाणपणा कोणी करू नये! चष्म्याला आतून तारेची कमान बसवून पापणी तोलून धरण्याचा जुना उपायही आहे.

सकाळी ठीक असलेली पापणी संध्याकाळी पडत असेल, तर दोष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यात असू शकतो. डॉक्टर मिटलेल्या डोळ्यावर २ मिनिटे बर्फ ठेवून पाहतात. पापणी उचलली गेली तर संशय बळावतो. १९३४ साली ग्रीनिच येथे मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मीन टोचून अशा रोग्याला तात्पुरता उतार पाडून दाखविला. त्याच कुळातील पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या आज देतात.

एकच पापणी अकस्मात पडली, डोके ठणकू लागले, एकाचे दोन दिसू लागले, तर मात्र थेंब शोधीत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे.

आणखी एक प्रकार आपल्या दाराशीच आहे. आरेचे जंगल साकीनाक्याहून फार लांब नाही. जमिनीवर निजलेले मूल पहाटे पोट दुखते म्हणून उठते, दोन्ही पापण्या जड, घोट गिळवत नाही. अंगावर दाताची खूण शोधूनही सापडत नाही. हा मण्यारीचा दंश असू शकतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवरचे प्रतिविष परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तापासून तयार होत आले आहे. नागाच्या विषाने पडलेली पापणी निओस्टिग्मीनने पुष्कळदा लवकर उघडते. मण्यारीचे विष मज्जातंतूची टोकेच बिघडविते. म्हणून प्रतिविष देऊनही पापणी उघडण्यास कित्येक दिवस लागतात, आणि तोवर रोग्याचा श्वास यंत्राने चालवावा लागतो.