मेणवलीचा वाडा: दगड, दप्तर आणि जिऊबाई

सातारा जिल्ह्यातील वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव असून तेथे नाना फडणवीसांनी बांधलेला वाडा आणि त्याला लागून असलेला दगडी घाट आजही उभा आहे. उत्तर पेशवाईतील घरांपैकी इतके अखंड राहिलेले घर महाराष्ट्रात क्वचितच सापडते. पुण्यातील शनिवारवाडा 1828 साली आगीत भस्मसात झाला आणि त्याची जोती व तट तेवढे उरले, हे लक्षात घेतले म्हणजे मेणवलीचे मोल कळते.

बाळाजी जनार्दन भानू म्हणजेच नाना फडणवीस यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 रोजी साताऱ्यास झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील वेळासचे असून पेशव्यांची फडणिशी, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाची, सनदांची व नेमणुकांची नोंद ठेवण्याचे काम, त्यांच्या आजोबांपासून घरात चालत आले होते. 8 डिसेंबर 1768 रोजी औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली हे गाव नानांना इनाम दिले. इनाम म्हणजे गावाचा सारा स्वतः घेण्याचा वंशपरंपरेचा हक्क. पेशव्यांच्या या कारभाऱ्याला हे गाव पेशव्यांकडून नव्हे, तर छत्रपतींच्या दरबारात मानाने पेशव्यांहून वरचे मानले गेलेले प्रतिनिधिपद धारण करणाऱ्या घराण्याकडून मिळाले, ही बाब सहज नजरेआड होते. वास्तविक पुण्याच्या सत्तेचे वजन त्या काळी साताऱ्याच्या दरबारात किती वाढले होते, हे तिच्यातून दिसते.

वाड्याची रचना चौसोपी पद्धतीची आहे. मध्ये आभाळाला उघडा चौक आणि चारही बाजूंना लाकडी खांबांवर तोललेले सोपे, असा या पद्धतीचा एक घटक असतो आणि मेणवलीत असे सहा चौक असून भोवती तटभिंत आहे. जाड भिंतींमुळे आत उन्हाळ्यातही गारवा टिकतो. काही दालनांच्या भिंतींवर नैसर्गिक रंगांत काढलेली चित्रे अजून ओळखू येतात. वाड्यामागे नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या चंद्रकोरीच्या आकारात बांधलेल्या असून घाटावर विष्णूचे आणि मेणेश्वराचे अशी दोन देवळे आहेत. मेणेश्वरापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती व 1707 हे साल कोरलेले दिसते, कारण ती मूळची पोर्तुगिजांच्या चर्चमधील असून चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकल्यानंतर ज्या घंटा देशावर आल्या त्यांपैकी ती एक होय. नाशिकच्या नारोशंकराच्या व भीमाशंकरच्या देवळांतही अशाच घंटा आहेत.

नाना 13 मार्च 1800 रोजी पुण्यात वारले आणि त्यांच्यामागे पत्नी जिऊबाई राहिल्या, त्या वेळी त्या अगदीच लहान वयाच्या होत्या. दुसऱ्या बाजीरावाने नानांच्या मालमत्तेवर हात टाकला; पुढे जिऊबाईंना लोहगडावर नानांचे विश्वासू धोंडोपंत निजसुरे यांच्याकडे आश्रय मिळाला. 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पुण्यास आला तेव्हा त्यांना संरक्षणाची हमी व वार्षिक 12,000 रुपयांची नेमणूक मिळाली आणि त्या पनवेलीस जाऊन राहिल्या. पेशवाई बुडाल्यानंतर त्या मेणवलीत आल्या. दत्तकाच्या रूपाने त्यांनी घराणे पुढे चालवले आणि वाडा त्या वंशजांकडेच राहिला. नानांच्या मुत्सद्देगिरीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले; पण त्यांचे घर ज्या बाईमुळे उभे राहिले, तिचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो, हे अन्यायाचे आहे.

या घरात दगडाहून मोलाचे असे जे होते, ते दप्तर. फडणिसाच्या हाताखालून गेलेली पत्रे, यादी आणि हिशेब, बहुतेक मोडी लिपीत, रुमालांत बांधून मेणवलीत ठेवलेले होते. रुमाल म्हणजे कागदांचे गठ्ठे ज्यात गुंडाळून ठेवत ते फडके. या फडक्यामुळेच धूळ आणि ऊन यांपासून कागद वाचत. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी हे कागद मिळवून त्यांतील कित्येक प्रसिद्ध केले, आणि त्याच काळात मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' तयार करत होते. नाना व पटवर्धन सरदार यांचा पत्रव्यवहार मोठा असल्यामुळे मेणवलीहून निघालेल्या कारभाराची दुसरी बाजू मिरजेत सापडते, आणि ही दोन दप्तरे शेजारी ठेवून वाचली तरच त्या काळच्या राजकारणातील बोलणे व उत्तर दोन्ही ऐकू येतात. पारसनिसांचा संग्रह पुढे साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेला. मेणवलीत मात्र रिकामे कोनाडे, सहा चौक आणि घाटावरची वसईची घंटा आहे.