कापलेला कीचक

कोल्हापुरात खरी कॉर्नरवरून रोज हजारो माणसं जातात, पण तिथल्या कॅमेरा मानस्तंभाकडे मान वर करून बघणारा एखादाच. ज्या कॅमेऱ्याची ती आठवण, त्यानं टिपलेला ‘सैरंध्री’ हा कीचकवधावरचा मूकपट मात्र आज फूटभरही शिल्लक नाही.

तो कॅमेरा घडवणारे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. ‘पेंटर’ हे नाव तिथूनच चिकटलं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला आणि दोघांना सिनेमानं झपाटलं. विलायती कॅमेरा घ्यायला पैसा नव्हता. मग घरीच करू म्हणाले! वाचायला हे सोपं वाटतं. कॅमेऱ्याचं यंत्र फिल्म ओढतं, चौकटीपुरतं थांबवतं, उजेड दाखवून पुन्हा ओढतं, आणि हे सेकंदाला सोळा वेळा. चाकाचा एक दाता केसभर चुकला तरी पडद्यावर भीमाची गदा थरथरायची. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढे सहकारी दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. त्यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ला भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकरांनी. आपल्या सिनेमाच्या इतिहासात हे नाव एका ओळीत उरकतात; माझ्या मते तो कृतघ्नपणा आहे.

दिव्यांवर चित्रण करायला बाबूरावांना १९२३ चा ‘सिंहगड’ उजाडावा लागला. तोवर सगळी भिस्त सूर्यावर. ढग आला की विराटाचा दरबार खोळंबलाच. बायकांच्या भूमिका गुलाबबाई आणि अनसूयाबाईंनी केल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. सिनेमात काम केलं म्हणून त्यांच्याच माणसांनी त्यांना वाळीत टाकलं आणि स्टुडिओ हेच त्यांचं घर झालं. भीम-कीचकाच्या भूमिकांत झुंझारराव पवार आणि बाळासाहेब यादव होते.

७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या ‘आर्यन’ थिएटरमध्ये चित्रपट लागला. कीचकाची गोष्ट तेव्हा नुसती पुराणातली राहिली नव्हती. खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवध’ नाटकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला होता आणि १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली होती. त्याच कीचकाला भीम आता पडद्यावर लोळवत होता. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, ते त्यांच्या निधनाच्या काही महिनेच आधी. कीचकाचं मुंडकं पिरगाळून वेगळं होतं हे दृश्य इतकं खरं वाटे, की प्रेक्षकांत किंकाळ्या उठत, बायका बेशुद्ध पडत, असं सांगतात. शेवटी अधिकाऱ्यांनी ते कापायला लावलं.

बाकीची फिल्म कुणी हुकूम न देताच गेली. ती नायट्रेटची. ठिणगी लागली की भडकायची, उकाड्यात चिकट होऊन कुजायची. रिळं जुनी झाली की त्यांतली चांदी काढून विकत, कारण चांदीला भाव होता, मूकपटाला नव्हता. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ मध्ये, बाबूराव जाऊन दहा वर्षं झाल्यावर. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. हाती लागले ते काही डझन, त्यांतलेही बरेच तुकड्यांत.

गंमत बघा. ‘सैरंध्री’त सुदेष्णेच्या महालाचे पडदे कसे होते, द्रौपदी पहिल्यांदा दरबारात येते तेव्हा कॅमेरा कुठे होता, हे सांगणारं आज कुणी नाही. लोकांच्या तोंडी राहिलं ते एकच दृश्य, कीचकाच्या मुंडक्याचं. तेवढंच तर सरकारनं कापलं होतं.