नाव नसलेले चित्र

मुलांनो, तुमच्या वर्गात कधी असे झाले आहे का? बाईंनी वह्या तपासायला घेतल्या. एका वहीवर नावच नव्हते. बाईंनी पान उघडले, दोन ओळी वाचल्या आणि वही बरोबर तुमच्या हातात ठेवली. बाईंना कसे कळले? तुमचे अक्षर त्यांच्या ओळखीचे होते.

असेच काम काही जाणकार माणसे मोठमोठ्या संग्रहालयांत करतात. त्यांच्यासमोर जुने चित्र असते. त्यावर नाव नसते. विचारावे कोणाला? चित्रकार तर तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच वारलेला असतो!

डच लोकांची आणि आपल्या मॉरिशसची ओळख जुनी आहे. १५९८ साली डच जहाजे आपल्या बेटावर आली. त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटाला नाव दिले. १६३८ साली त्यांनी ग्रां पोर येथे वसाहत केली. तेथील किल्ल्याला मॉरिसच्या सावत्र भावाचे, फ्रेडरिक हेंड्रिकचे नाव दिले. त्याच काळात हॉलंडमध्ये अनेक चांगले चित्रकार काम करीत होते. त्यांतील काही जण लाल आणि काळ्या खडूने कागदावर माणसांचे चेहरे काढीत.

हा खडू फळ्यावरचा खडू नव्हे. लाल खडू म्हणजे गेरूसारखा मऊ दगड. त्यात लोह असते, म्हणून तो लाल दिसतो. काळा खडू हाही जमिनीतून काढलेला मऊ दगडच. त्याच्या कांड्या कापून चित्रकार वापरीत.

आता अशा चित्राचा चित्रकार कसा ओळखतात, ते पाहू.

प्रथम कागद पाहतात. त्या काळी कागद जुन्या चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने बनवीत. लगदा तारांच्या चाळणीवर पसरत. चाळणीवर तारेची एक आकृतीही बसवलेली असे. कागद उजेडासमोर धरला की ती आकृती आत दिसते. कधी ती विदूषकाची घुंगरांची टोपी असते, तर कधी एखाद्या शहराचे चिन्ह. तशीच आकृती तारीख असलेल्या कागदावर सापडली, तर आपला कागद साधारण कोणत्या काळातला ते कळते. मात्र सावध राहावे लागते. जुना कोरा कागद जपून ठेवून त्यावर कोणी नंतरही चित्र काढू शकतो.

मग चित्रावरची अक्षरे पाहतात. तुम्ही म्हणाल, “नाव असले म्हणजे झाले!” पण तसे नाही. जास्त पैसे मिळावेत म्हणून कोणी मागाहून मोठ्या चित्रकाराचे नाव लिहिलेले असू शकते. काही चित्रांवर ‘पीएल’ ही दोन अक्षरे छापलेली असतात. ती चित्रकाराची सही नव्हे. पीटर लेली नावाचे एक चित्रकार लंडनमध्ये राहत. ते इतरांची चित्रे जमवीत. १६८० साली ते वारल्यावर त्यांच्या संग्रहातील चित्रांवर हा शिक्का मारला गेला.

शेवटी पाहतात तो हात, म्हणजे रेघ ओढण्याची सवय. एक गंमत करून पाहा. सावली दाखवण्यासाठी भरभर तिरक्या रेघा ओढा. तुम्ही उजव्या हाताने लिहीत असाल, तर रेघा बहुधा वर उजवीकडून खाली डावीकडे येतील. डावखुऱ्या मित्राच्या रेघा उलट्या झुकतील. तसेच कोणी कान दोन रेघांत काढतो, कोणी केस हलकेच गिरवतो. पाहून नक्कल करणाऱ्याची रेघ पुष्कळदा अडखळते. ज्या चित्रांचा चित्रकार नक्की माहीत आहे, ती शेजारी ठेवून एकेक खूण ताडून पाहतात.

हे काम सोपे नाही. लायडन गावात रेम्ब्रांट आणि यान लीव्हन्स हे दोन तरुण चित्रकार होते. रेम्ब्रांटचा जन्म १६०६ चा, तर लीव्हन्सचा १६०७ चा. दोघेही आम्स्टरडॅमच्या पीटर लास्टमन यांच्याकडे शिकले. दोघांची कामे इतकी सारखी दिसत, की पुढे जाणकारही फसले. फ्रेडरिक हेंड्रिकचे चिटणीस कॉन्स्टंटाइन हॉयगन्स यांनी मात्र दोघांचेही कौतुक लिहून ठेवले होते. लीव्हन्सने काळ्या खडूने काढलेले हॉयगन्स यांचे चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पुढे रेम्ब्रांट जगप्रसिद्ध झाला. लीव्हन्सला लोक विसरले. त्याची काही चित्रे तर रेम्ब्रांटचीच म्हणून ओळखली जाऊ लागली! विचार करा, तुम्ही मेहनतीने चित्र काढावे आणि शाबासकी शेजारच्या मुलाला मिळावी, तर कसे वाटेल? जाणकारांनी पुन्हा नीट पाहिले, चुका दुरुस्त केल्या. २००८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे लीव्हन्सच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याचे श्रेय त्याला मिळाले.

कधी कधी सर्व खुणा पाहूनही खात्री होत नाही. तेव्हा प्रामाणिक जाणकार चित्राखाली ‘बहुधा अमक्याचे’ किंवा ‘अमक्याच्या शिष्याचे’ असे लिहितात. खोट्या खात्रीपेक्षा खरे ‘बहुधा’ बरे. नाही का?

स्वाध्याय

१. बाईंनी नाव नसलेली वही कशी ओळखली?
२. चित्रावर नाव असले तरी खात्री का होत नाही?
३. मित्रांनी काढलेली नाव नसलेली चित्रे एकत्र करा. कोणते कोणाचे ते ओळखा आणि कशावरून ओळखले ते सांगा.