डॅशकॅममध्ये नंबर प्लेट का वाचता येत नाही?

परवा भर पावसात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर आमच्या सोसायटीतल्या काकांच्या गाडीचा आरसा उडवून एक टेम्पो पसार झाला. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या व्हिडिओत नंबर प्लेटच्या जागी नुसते चौकोन! डॅशकॅमच्या मेमरी कार्डातली मूळ फाइल उघडली, तर नंबर लख्ख दिसला.

व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं. पुरावा पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.

मूळ फाइलच पुसट असेल तर बिटरेट बघा, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रणाला कॅमेरा किती डेटा वापरतो ते. पावसाचे थेंब, वायपर, रस्ता सगळंच हलत असलं की तेवढाच डेटा सगळीकडे वाटला जातो आणि बारकावे पुसले जातात. म्हणून बिटरेट ‘हाय’ ठेवा. १६ एमबीपीएसला तासाला साधारण ७ जीबी लागतात. ६४ जीबी कार्डात आठेक तास मावतात.

सतत लिहिणं-पुसणं सोसणारं ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डच घ्या. रस्त्यावरचे दिवे लुकलुकताना दिसले तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा. रात्री चित्र धुरकट येत असेल तर काच आतूनही पुसा.

अपघात झाला की लगेच क्लिप लॉक करा, नाहीतर नवीन रेकॉर्डिंग तिच्यावर चढतं.

काही अडलं तर कॅमेऱ्याचं मॉडेल कमेंटमध्ये टाका, मिळून बघू.